मत विचाराल तर

शनिवारी पाहिला तो दीपस्तंभवाला.
दोन तास एक माणूस काच पुसतो
आणि शेवटी कळतं, दिवा कधीचाच बंद आहे.
मिर्ता म्हणाली, छान आहे, फक्त लांबला.
मी म्हणालो, लांबला म्हणजे छान नाही.
छत्तीस वर्षं मोंतेविदेओत बस चालवली मी,
लांबलेलं मला कळतं.

मेहुणी, झुल्मा, दहाव्या मिनिटाला घोरायला लागते
आणि सगळ्यात ठाम मत तिचंच.
"त्या नटीचे डोळे खोटे आहेत,"
कडू चहाची पितळी नळी तोंडातून न काढता.
मग मी बघतो, तर खरंच,
जरा खोटेच.

सिनेमे येतात रविवारच्या बाजारातून.
वॉशिंग्टनच्या टेबलावर सांधेदुखीचं मलम,
घड्याळांचे पट्टे आणि तबकड्या.
न आवडलेली तो अर्ध्या किमतीत परत घेतो,
त्यामुळे आमची टीका
थोडी आर्थिकही असते.

तो बँकलुटीचा चौथ्यांदा पाहिला.
सिनेमा टाकाऊ. पण प्रत चोरून काढलेली,
कुठल्याशा थिएटरात, मांडीवर कॅमेरा ठेवून,
आणि नेमकी तिजोरी उघडते तेव्हा
पुढच्या रांगेतून एक टक्कल उगवतं,
अवघडत, गुडघे चुकवत डावीकडे सरकतं.
तिजोरीत काय होतं
आम्हाला आजतागायत माहीत नाही.
परततो तेव्हा त्याच्या हातात लाह्यांचा पुडा.
मिर्ताचा तो लाडका. म्हणते, अख्ख्या सिनेमात
एवढ्या एकालाच खरोखर काहीतरी हवं होतं.

भुतांचे चालतात. राजाराण्यांचे, तोंडी लावण्यापुरते.
रात्री दारावर थाप पडते,
बाहेर गाडी इंजिन चालू ठेवून उभी असते,
असं काही आलं की मिर्ता
घासलेली भांडी पुन्हा घासायला उठते.
मी आवाज कमी करतो.
त्यावर मत कुणीच देत नाही,
झुल्माही नाही.

आणि गुरुवारचा.
जुना, रंग उडालेला, इथेच आमच्या शहरात काढलेला.
प्रेमकथा. ती छान रडते,
तो बोलतो जसा कुणी विजेचं बिल वाचावं.
अठरा जुलै रस्त्याच्या कोपऱ्यावर दोघं भांडतात
आणि त्यांच्या मागून जाते
एकशे एकवीस नंबरची बस.
चार सेकंद. मोजलीत मी नंतर.
खिडकीबाहेर ड्रायव्हरचं कोपर, दुमडलेली पांढरी बाही.

"थांबव!" मिर्ता ओरडली. "एल्बिओ, तू!"
मागे घेतलं. पुन्हा कोपर. पुन्हा मागे.
तिने चश्मा पदराला — नाही, माझ्याच शर्टाला पुसला
आणि पडद्याला नाक लावलं.
झुल्माने एक डोळा उघडला:
"ह्याचं कोपर असं नाही."

त्या वर्षी मी सिमेंट कारखान्याच्या फेरीवर होतो.
अठरा जुलै रस्ता माझ्या वाट्याला फार पुढे आला.
एकशे एकवीसवर तेव्हा नेल्सन पिंतोस असायचा.
कोपर बाहेर काढायची खोड त्याचीच,
मेमोवर मेमो, तरी कोपर बाहेर.
एका मंगळवारी तो ड्युटीवर आला नाही.
डेपोत त्याच्या कपाटाला दुसरं कुलूप लागलं
आणि आम्ही सगळे जण
हवापाण्याचं बोलत राहिलो.

"हो," मी म्हणालो, "मीच तो."
मिर्ताने माझ्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ,
आणि चहात गरम पाणी ओतलं.

तर, मत विचाराल तर:
कथा बेताची. संगीत कानठळ्या बसवणारं.
नायकाला दुसरा कुठलाही धंदा शोभला असता.
आणि कॅमेरा त्या दोघांवर इतका खिळवायची
काही गरज नव्हती,
आणखी दोन सेकंद उजवीकडे वळला असता
तर सिनेमा पाहण्यासारखा झाला असता.

झुल्मा पाचपैकी दोन देते.
वॉशिंग्टनला सांगितलंय,
ही परत येणार नाही.