पाच नग

मोबाईलवर फोटो आला. आफ्रिकेतला मुखवटा, सेनुफो लोकांचा.
गंगापूर धरणाकाठच्या वाईन बारच्या भिंतीला
असे पाच नग हवेत, आगाऊ चार हजार.
मी सावळघाट उतरून पेठच्या बाजूला, धवळूमामाकडे गेलो.

मामा पांगाऱ्याचा ओंडका सोलत बसला होता.
चष्मा कपाळावर सारून त्यानं फोटो डोळ्यांशी नेला
आणि ओळखी काढू लागला,
परगावच्या बाजारात आपल्या पाड्यातली माणसं दिसावीत तसा :

जबडा तरसाचा. मेलेलं खाऊन रान झाडून ठेवतं ते.
सुळे डुकराचे, कंद उकरणारे.
शिंगं हरणाची, पण हे हरीण आपल्याकडचं नाही.
आणि ही चोच…
धनेश रे!
बायको ढोलीत चिणलेली, अन् हा दिवसभर उंबरं वाहतो.
त्यांनाही ठाऊक म्हणायचं.

शिंगांच्या मधोमध सरडा.
मी म्हटलं, सरड्याची धाव कुंपणापर्यंत.
मामा म्हणाला, हा समुद्र ओलांडून आलाय, जरा मानानं बोल.

मग विचारलं, हे घालून नाचतं कोण?
टेंभे असतात का? सांबळासारखं काय वाजतं?
सोंग उतरल्यावर त्याला पाणी कोण पाजतं?
फोटोखाली फक्त उंची लिहिली होती, इंचांत.

बोहाड्यात मामानं अठरा वर्षं वाघ नाचवला.
अजूनही डाव्या कानामागे दोरीचा वळ आहे.
पैसे मात्र त्यानं मोजून घेतले :
सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं नाही.

दीड महिन्यानं पाचही टेम्पोतून उतरवले.
डेकोरेटरनं एक उलटा केला.
आतून लाकूड गालाला टोचू नये इतकं घासलेलं,
डोळ्यांना आरपार भोकं, दोरीला चार.
“मागच्या बाजूला एवढं काम कशाला? भिंतीलाच तर लागणार.”

खिळे ठोकायला मीच थांबलो होतो.
इलेक्ट्रिशियन खाली जेवायला गेला तेव्हा
शेवटचा मुखवटा तोंडाला लावला.
दोन भोकांतून उलटे टांगलेले ग्लास, काचेपलीकडे धरणाचं पाणी,
आणि माझाच श्वास, जबड्यात फिरून
दुसऱ्या कुणाचा तरी होऊन परत येणारा.
पांगाऱ्याचा ओला वास अजून गेला नव्हता.

जिन्यावर पावलं वाजली.
मी मुखवटा भिंतीला लावला, तोंड बाहेर,
डोळ्यांमागे चुना.
खिळा पहिल्या घावात वाकला.