म्यूट करायचं राहून गेलं

मी नोल्फा. चिलोएच्या बेटांवर, आचाओ गावात
धक्क्यापासून तिसरं दुकान माझं:
शिलाई मशीन दुरुस्ती, बटणं, लोकर,
आणि दाराशी एक मांजर, जे विकायचं नाही,
तरी दर उन्हाळ्यात कुणीतरी पर्यटक भाव विचारतोच.

मंगळवारी रात्री नऊला
पडद्यावर एकेक चौकोन उजळतो.
पहिले तीन महिने आम्ही तिथं
फेरीवाल्यांसारखे नुसते ओरडलो.
मधवाला म्हणे, माझा मध.
मेणबत्तीवाली म्हणे, माझ्या मेणबत्त्या.
मी म्हणे, लोकर, वीस टक्के सूट.
सगळेच विकणारे, गिऱ्हाईक औषधालाही नाही.
बोहनीशिवाय उठायचो
आणि तोंडभर म्हणायचो, संपर्कात राहू.

मग ऑगस्टात, ऐन हिवाळ्यात,
वाऱ्यानं बंदर बंद पाडलं त्या रात्री
चोंचीच्या रोसाउराचं
म्यूट करायचं राहून गेलं.

ती आमच्याशी बोलत नव्हती. भट्टीशी बोलत होती.
आधी शिव्या,
ज्या मी वडिलांच्या होडीनंतर ऐकल्या नव्हत्या.
मग विनवण्या.
मग पत्र्यावर हात आपटल्याचा आवाज,
आणि मग नुसता श्वास.
त्या श्वासात फुगून बसलेलं पीठ ऐकू येत होतं,
सकाळी सातला शाळेत पोचवायचे दोनशे पाव,
आणि थकलेला हप्ता.

आम्ही एकवीस जण.
कुणीतरी सांगायला हवं होतं, बाई, आवाज चालू आहे.
कुणी सांगितलं नाही.
केयोनचा एलिसेओ, होड्यांची इंजिनं खोलणारा,
ज्यानं तोवर स्वतःच्या फोन नंबरापलीकडे
आम्हाला काही दिलं नव्हतं,
तो म्हणाला, भट्टी कुठली?
मागचा पत्रा काढ. कॅमेरा खाली धर. अजून खाली.
हात नको लावूस, आधी वीज बंद कर, वेडे.

जळका थर्मोस्टॅट बाजूला काढून
त्यानं तार थेट जोडायला लावली. भट्टी तापली.
पण आता ती स्वतःहून थांबणार नव्हती,
म्हणून रोसाउराला राखण बसावं लागलं,
आणि रोसाउराला डुलकी लागू नये म्हणून आम्हाला.

पहाटे चारपर्यंत किती विकून होणार?
माल संपला, तेव्हा लोक बोलायला लागले.
मधवाला फाबियान म्हणाला,
माझ्या मधमाश्या दोन वर्षांपूर्वीच मेल्या.
दुसऱ्याचा मध आणतो, लेबल माझं लावतो.
मेणबत्तीवाली म्हणाली, मी हिशेबच करत नाही,
केला तर बंद करावं लागेल.
कुणीतरी हसलं. कुणीतरी नाक पुसलं.
मी सांगितलं, पाटीवर अजून रोलांदोचं नाव आहे,
तो जाऊन सहा वर्षं झाली तरी.
मशीन बाईनं दुरुस्त केलं म्हटलं
की लोक पैसे देताना हात आखडतात.
हे मी माझ्या सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं,
आणि इथं एकवीस तोंडं, त्यातली निम्मी अंधारात.

दोनशेतले एकशे चाळीस पाव झाले.
साठ करपले. शाळेनं साठांचे पैसे कापले.

पुढच्या मंगळवारी सगळे जरा लाजलेलेच,
लग्नात जास्त झालेली माणसं दुसऱ्या दिवशी भेटावीत तसे.
पण सूट कुणी जाहीर केली नाही.

माझ्या खणात जुन्या इस्त्रीचा थर्मोस्टॅट पडून होता.
एलिसेओ म्हणाला, चालेल.
बंदर उघडल्यावर पहिल्या फेरीनं
बस ड्रायव्हरच्या हाती पाठवला.
उलट टपाली पाव आला, पोचेपर्यंत दगड झालेला.
मातेच्या काढ्यात बुडवून खाल्ला, दोन दिवस पुरला.

फाबियानच्या बाटलीवर आता
खऱ्या मधवाल्याचं नाव आहे, खाली, बारीक अक्षरात.
खप थोडा घटला, असं तोच सांगतो.

आणि माझी पाटी? आहे तशीच आहे.
मंगळवारी रोसाउरा विचारते, झालं का गं?
तिच्या मागचं घड्याळ पाच मिनिटं मागे असतं नेहमी,
तिला भेटले नाही कधी, पण ते मला माहीत आहे.
मी म्हणते, रंगाचा डबा आणून ठेवलाय.
जरा वारा पडू दे.