न आलेल्या पुराचं खातं

आदगोंडा अण्णांना सांगता येईना
की सगळी अंडी एका टोपलीत ठेवू नयेत.
जैन घर. मी हळदीवर आले.
म्हटलं, तुमचे वडील सगळी हळद
एकाच पेवात घालायचे का?

अण्णा सुपारी कातरत म्हणाले,
पाच धंदे आहेत, बाई. मोजा.

मोजले.
हरिपूरच्या वाटेवर हळदीची गिरणी.
सावळीला बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज.
कुपवाडला ओतकाम, पंपांची कव्हरं.
मिरजेत दवाखान्यांच्या गल्लीत लॉज,
पेशंटच्या नातेवाइकांसाठी,
कॉटचे दोनशे, गरम पाणी वेगळं.
आणि सन्मतीची सोलर पंपांची एजन्सी,
जिला तो धंदा म्हणत नाही, प्रोजेक्ट म्हणतो.

पाच ओळी, पाचही हिरव्या.
सन्मतीनं लॅपटॉप माझ्याकडे फिरवला
बघायला आलेल्यांपुढे पोह्यांची बशी सरकवावी तसा.

मी स्कूटर काढली. तीन दिवस हिंडले.
कुपवाडची भट्टी उंचावर, तिथवर नदी चढायची नाही,
पण ओतकामाचे लाकडी साचे कुठं?
वखारभागात. भाडं पडत नाही म्हणून.
लॉजच्या चादरी कुठं धुतात?
वखारीच्या मागच्या अंगणात, बोअरचं पाणी फुकट.
कोल्ड स्टोरेजच्या कर्जाला तारण काय?
वखारीतली हळद. गिरणीला माल? तीच हळद.
सोलरच्या पेट्या अजून फोडल्याही नव्हत्या.
वखारीत. खाली. फरशीवर.

बाबालाल नदाफ, हमालांचे मुकादम,
त्यांनी थप्पी बाजूला सारून
भिंतीवरची रेघ दाखवली. माझ्या डोक्यावर हातभर.
"एकोणीसची," म्हणाले. "पाचची ही, जरा खाली.
दोनदा चुना मारला. वर येतेच."

पाच टोपल्या खऱ्या,
पण टांगलेल्या एकाच खुंटीला.

त्या रात्री हिरव्या ओळींपुढे
मी एक रकाना वाढवला:
आयर्विन पुलावर किती फुटांना हे बुडेल.
पाचही ओळींत एकच आकडा आला.

अण्णा त्या आकड्याकडे बराच वेळ बघत राहिले.
मग पेवाचं सांगू लागले.
उघडलं की लगेच उतरायचं नाही कुणी.
आधी दोरीनं कंदील सोडायचा.
विझला, तर माणूस वाचला.
आणि सही केली.

साचे कुपवाडला गेले, भाड्याच्या शेडमध्ये.
चादरी मिरजेतच धोब्याकडे.
अर्धी हळद पडत्या भावात विकून तारण सोडवलं.
सोलरच्या निम्म्या पेट्या कंपनीला परत;
त्यावरून सन्मती आठ दिवस माझ्याशी बोलला नाही.

जुलैत पाणी चढलं.
पस्तीस. अडतीस. एकोणचाळीस फूट नऊ इंच.
सगळी सांगली मोबाईलमध्ये पूल बघत बसलेली.
मग उतरलं.
वखारीची पायरीसुद्धा भिजली नाही.

"साडेअकरा लाख," सन्मती म्हणाला. "कशापायी?"
वर ऑगस्टात हळद चढली, तेही त्यानं सांगितलं.
खोटं नव्हतं. व्हाउचर माझ्याच सहीची:
शेड, ट्रक, हमाली, घटीचा माल.
खर्चाला पावती असते.
न झालेल्या नुकसानीला नसते.
ते कुठल्या खात्यात घालायचं
हे मला शिकवलेल्या एकाही पुस्तकात नाही.

बैठकीत अण्णांनी विचारलं,
"कंदील विझला का, बाई?"
नाही, अण्णा. जळत राहिला.
"मग?"
मग काय. पुढच्या वेळी पुन्हा आधी तोच सोडायचा.

त्यांनी सुपारीचं एक खांड माझ्यापुढे ठेवलं.
सन्मती काही बोलला नाही.
पण लॅपटॉपवर तो रकाना तसाच होता, पुसलेला नव्हता,
आणि दारात बाबालाल,
साचे परत आणायचे का, विचारायला आलेले.