सोळा नंबर

विट्याच्या स्टँडवर सकाळी साडेआठला
मुलाणी कंडक्टर चहा फुंकत विचारतो,
"आपले गलाईवाले गावाला येताना सोनं आणतात.
तू तिकडनं काय आणलंस? बघितलंस तरी काय?"
मी म्हणतो, बस.
तो हसून हसून खोकतो.
तीस वर्षं एसटी हाणलेला माणूस
विमानात बसून गेला
आणि बघून काय आला, तर बस.

पण खरं तेच आहे.

रणधीरनं सगळं तयार ठेवलं होतं.
पलंगावर दोन टॉवेल, एक मोठा, एक धाकटा,
लॉजवर असतात तसे घडी घालून.
फ्रीजवर कागद, त्याच्याच हातचा:
शेगडी अशी लावायची, दार असं ओढायचं,
गोळ्या वेळेवर.
'ळ'चा दुसरा कान अजून पहिल्यापेक्षा मोठा,
चौथीत होता तसाच.
दिवसभरात तेवढंच एक ओळखीचं माणूस.
खोलीत यायच्या आधी तो दारावर टकटक करायचा.
मी आत बनियनवर,
मला सुधरायचं नाही
ये म्हणायचं की या.

दोघं जायची अंधारात, यायची अंधारात.
मधला दिवस माझा,
धुऊन आटलेल्या विजारीसारखा आखूड.
"पास काढलाय पप्पा, पण लांब जाऊ नका."

सोळा नंबर कोपऱ्यावरच थांबायची.
मी अगदी पुढं बसायचो.
दोन दिवस समोरची गाडी अंगावर येतीय असं वाटायचं,
उजवा पाय आपोआप ब्रेक शोधायचा.
गिअर नाहीच. डावा पाय जन्माचा बेकार.
डबल बेल नाही, "सरका पुढं" नाही,
कुणाची कोंबडी नाही.
चालवायला बाई. पन्नाशीची, पांढरी वेणी.
पण वळण घेताना खांदा आधी जायचा, मग गाडी.
ते शिकवून येत नाही.

शेवटच्या थांब्यावर गोठलेलं तळं, एक बाकडं,
आणि अकरा मिनिटं.
चौथ्या दिवशी तिनं थर्मासच्या झाकणात कॉफी ओतली,
माझ्यापुढं धरली.
मी हवेत स्टिअरिंग फिरवलं,
मग तीन बोटं, मग शून्य.
तिनं माझा हात उलटा करून तळवा बघितला
आणि स्वतःचा शेजारी धरला.
घट्टे त्याच जागी.
मला भिवघाटाचं सांगायचं होतं,
जत्रेची भरलेली गाडी, रात्र, आणि गेलेला ब्रेक.
शब्द कुठून आणू.
कॉफी कडू होती. प्यालो.

रात्री रणधीर विचारायचा, "दिवस कसा गेला?"
"बरा."
त्याला वाटायचं मी कंटाळलोय.
रविवारी राजवाडा दाखवला, तिकिटं काढून.
दोन पावलं पुढं चालायचा, दारं धरून उभा राहायचा.
मी मागनं
त्याच्या मानेवरचे पिकलेले केस बघत.

परवा रात्री फोन वाजला.
फोटो. तळं, बाकडं, बाकड्यावर थर्मासचं झाकण, वाफ.
खाली मराठीत:
"आज रजा टाकली. सोळा नंबरनं शेवटपर्यंत गेलो.
त्या बाई विचारत होत्या, तुझे वडील कुठं?
पप्पा, तुम्ही सांगितलं का नाही कधी?"

हिनं गुडघे चोळता चोळता चष्मा लावला,
फोटो जवळ धरला, लांब धरला.
"बाकड्यावर कोणच नाही की."
हाय, म्हटलं.

मग एका बोटानं, एकेक अक्षर शोधत लिहिलं:
फोटो चांगला आलाय.
'ळ' सापडायला वेळ लागला, म्हणून तळ्याचं राहिलं.
कानटोपी घातली होतीस का?

"अरे पण बस कसली होती?" मुलाणी विचारतो.
आटपाडीची गाडी फलाटावरनं मागं येतीय,
ड्रायव्हर नवा पोरगा, मला ओळखत नाही.
मी स्टिअरिंगवरनं उचलावीत तशी
दोन बोटं उचलतो.
थांब, म्हणतो मुलाणीला,
त्याला आधी वळण घेऊ दे.