दोर धरणाऱ्याचं म्हणणं

शास्त्र मला विचारू नका.
मी फक्त दोर धरला. कमरेला तीन वेढे,
टाचा गवतात रुतवून, सहा उन्हाळे.
खाली कड्याला लटकलेली सुन्व्हा
रिटाच्या घरट्यांतून चिमट्यानं गोचिडी वेचायची,
नळीत अल्कोहोल, नळीवर पेन्सिलीनं आकडा.
असल्याच दोरानं माझा आजा अंडी काढायला उतरायचा.
त्याला कुणी आकडा मागितला नाही.

गोचीड म्हणजे काय, तर आठ पायांचा मिरीचा दाणा.
वर्षातून एकदाच जेवते. पाच-सहा दिवस पंगत,
मग फटीत पडून राहायचं पुढच्या उन्हाळ्यापर्यंत.
चालून चालणार किती? हात, दोन हात.
समुद्र ओलांडायचा तर पाखराच्या मानेत तोंड खुपसायचं
आणि पाखरू नेईल तो आपला देश.

आता रिटा. पांढरी, काळ्या पायांची,
हिवाळाभर दर्यावर लाख भटकेल,
पण अंडी घालायला घरकोंबडीच.
तोच कडा, जमलं तर तीच वीतभर कपार.
म्हणून चर्चमागच्या कड्यावरच्या गोचिडी
आणि खाडीपलीकडच्या कड्यावरच्या
(तिथलं कुत्रं भुंकलं तर इथं ऐकू येतं)
सुन्व्हा म्हणाली, एकमेकींना जवळजवळ परक्या.
पिढ्यान्‌पिढ्या सोयरीक नाही.

लुंडीचं निराळं.
रंगीत चोच, बिळातला संसार, आणि तरुणपणी उनाड.
या बेटावर डोकाव, त्या बेटावर बीळ बघ,
कुणाच्या दारात उगाच उभी राहा.
तिच्या गोचिडींचं गोत म्हणून लांबवर पसरलेलं,
बेटं ओलांडून गेलं तरी रक्त ओळखीचं निघतं.
आणि गंमत बघा, त्याच उतारावर
लुंडीच्या बिळापासून रिटाचा कडा दोनशे पावलं,
गोचीड दिसायला तीच, पाठ तीच,
तरी या घरची त्या घरी नांदत नाही.

मी हसलो.
आमच्या गावात अकरा धुराडी, दफनभूमीत तीन आडनावं.
माझी आई बापाच्या आतेची पुतणी.
बोगदा खोदला तेव्हा वाटलं, आता सुना येतील.
बोगद्यातून मुली गेल्या.

पाचव्या वर्षी एक नळी चुकीची निघाली.
दोनशे बारा. चर्चमागच्या कड्याची,
आणि आतलं रक्त खाडीपलीकडचं.
सुन्व्हानं पुन्हा तपासलं. पुन्हा तेच.
तो आकडा माझ्या हातचा होता,
तिची बोटं गारठली होती म्हणून मी लिहिलेला.
ती काही बोलली नाही.
नुसतं अक्षराकडं बघत राहिली, बराच वेळ.

मग तिनंच सांगितलं, जणू माझी समजूत घालायला:
ज्या रिटाची पिल्लं जगत नाहीत
ती कधी कधी दुसरा कडा बघायला जाते.
नुसतं बघायला. तासभर बसते, उडते.
तेवढ्यात मानेतली एखादी गळून पडते
परक्या कपारीत,
आणि दोन्ही कड्यांचं गणित थोडं हलतं.

आमची हेर्बोर्ग गेली तीही त्याच वर्षी,
पाळणा माळ्यावर उलटा ठेवून.
ऑलबोर्गला असते. नाताळला फोन करते.
हे मी सुन्व्हाला सांगितलं नाही.
हेही सांगितलं नाही की त्या दिवशी वारा फार होता,
दोन नळ्या माझ्या मुठीत होत्या,
आणि पेन्सिल दातांत.

वर आलं की आम्ही एकमेकांच्या कॉलरी तपासतो.
गेल्या उन्हाळ्यात माझ्या कानामागं एक सापडली,
पोट भरून टम्म.
सुन्व्हा चिमटा घेऊन पुढं झाली.
मी म्हटलं, काढ बाई. पण थांब,
आकडा काय लिहिशील?