पाचांपैकी एक

सरकारला आज शंभर दिवस झाले.
माझ्या वाट्याला सोळा घरं, दर घरी एक माणूस,
आणि दर माणसाला पाच उत्तरं:
फार समाधानी, समाधानी, सांगता येत नाही,
असमाधानी, फार असमाधानी.
टॅब्लेटची बॅटरी एकाहत्तर टक्के.
न्खाटा बेच्या बाजारात कालपासून वीज नाही.

लिलाँग्वेच्या प्रशिक्षणात साहेब म्हणाले होते,
शितावरून भाताची परीक्षा.
साहेब, या किनाऱ्यावर लोक कसाव्याचं कोंडोवोले खातात,
ओढला तरी तुटत नाही असा चिकट गोळा.
त्याला शीत नसतं.

पहिल्या घरी मासे वाळत होते,
बोटाएवढे, मांडवावर ओळीने.
कावळ्यांसाठी वर कापड पसरलेलं,
आणि कापडावर नवे राष्ट्राध्यक्ष,
अकरा वेळा, एकसारखे हसणारे.
प्रचारात फुकट वाटलेलं चितेंजे.
मी विचारलं, नेत्याबद्दल आपलं मत?
एनेलेसबाईंनी कापडाचा कोपरा उचलला,
चार मासे उलटे केले,
म्हणाल्या, "कापड बरंय. दोनदा धुतलं, रंग गेला नाही."
मी तिसरं उत्तर दाबलं.
मग खोडलं.
मग पुन्हा तिसरंच.

म्फांडेंच्या दुकानात तसबीर बदललीय.
चौकट मात्र तीच.
"मागे जुने आहेतच," ते हळूच म्हणाले,
"काढायला खिळे उपसावे लागले असते.
शिवाय पुठ्ठ्याचा पुठ्ठा होतो."
साखरेचा भाव विचारला तर बोट वर केलं,
तसबिरीकडे की छताकडे, कळलं नाही.

पेट्रोलच्या रांगेत वाटिपा,
मोटारसायकलवर आडवा, टोपी तोंडावर.
आयुष्यातलं पहिलं मत.
त्या दिवशीची शाई वाढत वाढत
नखाच्या टोकाला आलेली, बारीक काळी कोर.
"लिहा, समाधानी."
खरंच?
"भावाची मुलाखत आहे बंदर खात्यात.
लिहा तुम्ही."
नाव कुठेच जात नाही, मी सांगितलं.
तो उठून बसला.
"नाव जात नाही, तर मग विचारता कशाला?"
रांग दोन गाड्यांनी पुढे सरकली.
त्याने गाडी ढकलली, इंजिन न लावता.

होड्या बांधणारे लाझारो आजोबा
प्रश्न पुरा ऐकूनच घेत नाहीत.
"नवी होडी पहिले काही दिवस गळतेच, पोरी.
फळ्या पाणी पितात, फुगतात, फटी मिटतात."
आणि नाही मिटल्या तर?
"तर ते कळतं तेव्हा आपण तळ्याच्या मध्यावर असतो."
हसले. एकच दात.
मी कुठलं बटण दाबायचं, हे त्यांनाच विचारलं.
"चौथं दाब. नाही, थांब.
धक्का तर सुरू झालाय म्हणे. दुसरं दाब."
धक्का म्हणजे किनाऱ्यावर पडलेले दोन ट्रक दगड
आणि त्यांवर वाळत घातलेली जाळी.

नव्याचे नऊ दिवस, म्हणतात.
इथे नऊ कधी संपले कुणी मोजलं नाही,
पण बायका आता नळावर त्यांचं नाव घेत नाहीत,
नुसतं "तो" म्हणतात,
घरातल्या माणसाबद्दल बोलावं तसं,
आणि यात राग किती, जवळीक किती,
याला माझ्याकडे रकाना नाही.

सोळावं घर बंद होतं.
कुत्रं होतं, कुलूप होतं.
अंधारात पायरीवर बसून मी लिहिलं:
स्त्री. वय सव्वीस. शिक्षण पदविका.
नियमाविरुद्ध आहे हे. ठाऊक आहे.
निकालाच्या रात्री मी रडले होते, आनंदाने,
अनोळखी बाईच्या खांद्यावर.
नेत्याबद्दल आपलं मत?
बॅटरी चार टक्के.
बोट काचेवर धरून राहिले.

तेवढ्यात दिवे आले.
टेकडीवर, बंदरावर, म्फांडेंच्या दुकानात,
आणि गावभर एकच आरोळी उठली,
पोरं, म्हातारी, सगळ्यांची.
ती विरायच्या आत शेजारच्या अंगणातून कुणी तरी म्हणालं,
"बघू, किती वेळ."

मी चार्जर शोधायला उठले.