पेरूच्या लाकडाचा क

क्रिस्पुलो स्पॅनिश छापखान्यात खिळे जुळवायचा.
दिवसभर जहाजांच्या वेळा, साखरेचे भाव,
गव्हर्नरच्या मेहुणीचं लग्न.
संध्याकाळी तोंडोच्या चिखलातून घरी यायचा
हलक्या चेहऱ्यानं आणि जड चपलांनी:
टाचेत पोकळी, पोकळीत शिसं.
दोन अ, एक न,
कधी नुसताच एक स्वल्पविराम.

मी धोबीण. पाद्र्यांचे झगे, कप्तानाचे मोजेसुद्धा.
आणलेले खिळे मी खळीच्या मडक्यात बुडवून ठेवायचे.
वाचता येत नव्हतं मला.
अजून येत नाही.

चार महिन्यांत सगळी अक्षरं जमली. क जमेना.
"त्यांच्या भाषेला तो लागतच नाही गं," क्रिस्पुलो म्हणाला,
"त्याचा खण रिकामाच. आत झुरळ राहतं.
तोच आवाज ते दुसऱ्या अक्षरानं काढतात,
विळ्यासारखं असतं, बघ, असं—"
खळ उतू जात होती.
मी तिकडे धावले.

आणि क नसेल तर आमची भाषा पांगळी.
आनाक, लेकरू. ताकोत, भीती.
कापातीद, एका आईच्या पोटचं.
बुकास म्हणजे उद्या;
शेवटी जरा दाबून म्हटलं, की तोच शब्द: उघडं.
शिशाला दाबून म्हणता येत नाही.
उद्या की उघडं, वाचणाऱ्यानं ठरवायचं.
आणि तो एक मोठा शब्द, ज्याची सुरुवातच क,
तो तर घरात मोठ्यानं म्हणायचीही बंदी होती.

मग माझ्या भावानं, एलेउतेरियोनं,
मागच्या दारचा पेरू तोडला
आणि मासे चिरायच्या सुरीनं कोरले
त्रेचाळीस क.
उलटे कोरायचे, म्हणजे कागदावर सुलटे उठतात.
शाई लावायचं काम माझं.
लावता लावता तेवढं एक अक्षर ओळखीचं झालं:
ताठ उभा माणूस,
एक हात वर, एक पाय पुढे.

शनिवारी मागच्या खोलीत नवे लोक यायचे,
दंडाला सुरी लावून स्वतःच्या रक्तानं सही करायचे.
शपथ बाहेर ऐकू जाऊ नये
म्हणून पुढे मी कपडे बडवायचे, जीव खाऊन.
त्या वर्षी आमच्या गिऱ्हाइकीतले पाद्री
अख्ख्या मनिलात सगळ्यात स्वच्छ होते.

दमट हवेत लाकूड फुगलं.
कागदावर प्रत्येक क शेजाऱ्यांपेक्षा जाड,
घरात दिवस गेलेल्या बाईसारखा उठून दिसणारा.
कागद हातोहात गेले. एक नको त्या हातात गेला.
शिपायांना आमची भाषा कळत नव्हती,
जाड अक्षर तेवढं कळलं.
ते लाकूड शोधत आले.

त्रेचाळीस क मी चुलीत सारले. वर भात ठेवला.
सार्जंटनं काठीनं झाकण उचललं.
"कच्चा आहे अजून," मी म्हटलं.
खोटं नव्हतं ते.
शिसं आदल्या रात्रीच वितळलं होतं,
एलेउतेरियोच्या जाळ्याला लागलं होतं,
आणि त्या वेळी समुद्रात होतं.

क्रिस्पुलोला छापखान्यातूनच नेलं.
हात धुऊ दिले नाहीत, म्हणतात.

अठराव्या दिवशी चर्चच्या दाराला यादी लागली.
ज्यांना वाचता येत होतं
ते समोरच्या कडेनं, खाली बघत गेले.
मी एकटी पुढे झाले.
क्रिस्पुलो.
माझं एक अक्षर मला पुरे होतं.
वरून खाली बोट फिरवलं.
पुन्हा एकदा. मग खालून वर.
हात वर केलेला माणूस कुठेच नव्हता.
विळे होते पुष्कळ,
चौथ्या ओळीच्या तर तोंडालाच एक.

घरी आले.
दोघांपुरते तांदूळ घेतले.
त्याचा पांढरा सदरा खळीत बुडवून
दोरीवर टाकला,
उद्या लागेल म्हणून.